दर सहा सेकंदांनी

रेषा सरळ यायला हवी होती.
येत नव्हती.
दर सहा सेकंदांनी एक उचकी,
लहान, नेमकी, हट्टी,
जणू पडद्याआड कुणीतरी
रडणं आवरत बसलंय.

नोवो मेस्तोत डिसेंबरात चारलाच अंधारतं.
कृका नदीवरचं धुकं काचेपर्यंत येतं
आणि थांबतं तिथंच,
बूट काढायला सांगितलेल्या पाहुण्यासारखं.
माझी पाळी दहापर्यंत.
तुकडी तीनशे सतरा, रक्तदाबाच्या गोळ्या,
चाळीस हजार,
खाली गोदामात माझ्या सहीची वाट बघत.

मी दिवा बदलला.
कॉलम काढून दुसरा लावला.
द्रावण पुन्हा गाळलं, बाटली धुतली,
खिडकीतून झोत येतो म्हणून
यंत्रावर माझा स्वेटर पांघरला.
उचकी तशीच.
मग कुठल्याच पुस्तिकेत नसलेला उपाय केला :
यंत्राला शिवी हासडली,
आणि लगेच माफी मागितली.

फेर्दो गोर्शे आला.
निवृत्तीला अकरा दिवस उरलेला माणूस.
मधाची बरणी दाराबाहेर ठेवली, नियम म्हणजे नियम,
आणि आत येताच विचारलं,
"दिवा कशाला बदललास?"
मी गप्प.
"प्रवाह निम्मा कर. आणि मोज."

नऊ, दहा, अकरा,
बारा. उचकी.
पुन्हा मोजलं. पुन्हा बारा.
"दिव्याला काय ठाऊक
तू मिनिटाला किती सोडतेस ते?
पंपाची चाल बदलली की ज्याची चाल बदलते,
त्याला धर."

चाळीस हिवाळे तो पोळ्याच्या पेटीत
रबरी नळी घालून ऐकत आला,
माश्या जिवंत आहेत का.
आता डावा कान गेलाय, उजवा जायच्या वाटेवर.
नळी आता स्लाव्का कानाला लावते
आणि त्याला ओरडून सांगते.
म्हणून त्यानं ऐकलं नाही.
पोलादी नळीवर तीन बोटं ठेवली,
वैद्य नाडी बघतो तशी,
आणि डोळे मिटले.
दाब एकशे चाळीस, एकशे अठ्ठावीस, एकशे चाळीस.
"डावं डोकं," म्हणाला.
"आतली झडप."

झडप उघडली.
नीलमण्याच्या बैठकीत माणकाची गोळी,
ज्वारीच्या दाण्याएवढी.
माझ्या अंगठीत काच आहे
आणि या पंपाच्या पोटात माणिक!
कारखान्यात घडलेलं असेना, माणिकच.
त्यावर ॲसिटोनायट्राइलचा चिकट पापुद्रा,
डोळ्याला न दिसणारा.
गोळी वर उठते,
पण बसताना अडखळते.
एवढंच. एवढ्यासाठी चार तास.

अल्कोहोलात टाकून दहा मिनिटं
ध्वनीच्या कंपनांनी न्हाऊ घातलं तिला.
तोवर आम्ही बाहेर पावाला मध लावून खाल्ला.
निवृत्तीबद्दल तो बोलला नाही, मीही नाही.
"तुझी बोटं थंड असतात का गं, मिलोइका?"
"असतात."
"मग आधी चोळून गरम करत जा.
थंड बोटाला सगळंच गप्प वाटतं."

साडेनवाला रेषा आली.
इस्त्रीच्या चादरीची घडी असावी तशी.
मी जवळजवळ टाळी वाजवणार होते.
अकराव्या मिनिटाला
तिच्यावर एक पुटकुळी उठली.
जिथं काहीच असू नये तिथं,
मर्यादेच्या जराशी वर.
इतका वेळ ती उचकीच्या पदराआड
बिनबोभाट बसून होती.

फेर्दो कोटाची एक बाही घालून थांबला,
दुसरी लोंबती.
हसला नाही.
"पुन्हा चालव," म्हणाला. चालवला.
पुटकुळी तिथंच.

खरं सांगते, क्षणभर
मला ती उचकी परत हवी झाली.

मग गोदामात फोन लावला.
व्होइकोनं उचलला, मागं रेडिओ.
"ट्रक सुरू करून ठेवलाय, सही झाली ना?"
मी बोटं चोळत राहिले.
मागं पंप चालला होता,
एकसारखा,
कुठंही न अडखळता.